आठव्या फेरीत थांबवलेली मुलगी

आखातातल्या अल ऐनच्या आमच्या हॉस्पिटलात नर्स म्हटली की ती केरळची, असं सगळे धरूनच चालायचे. मी दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. डोक्याला स्कार्फ, नाव मुसलमानी. पेशंट माझ्याशी आधी अरबीत बोलून बघत, मग हिंदीत. मराठी बोलायची वेळ हॉस्पिटलात वर्षाकाठी एखादवेळा यायची. घरी नवऱ्याशी बोलायचे तेवढीच. माझी लेक नऊ वर्षांची होती आणि तिला काहीही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायचं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एप्रिल महिना होता. शहरात एक मोठी आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरली होती आणि आमच्या मेट्रननं काही नर्सेस मेडिकल टीमसाठी दिल्या होत्या. माझ्या वाट्याला आली बायकांची वीस किलोमीटर चालण्याची शर्यत. चालण्याची शर्यत असते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी हसलेसुद्धा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तूच भाग घे. ड्युटीवर दिवसाला तेवढं चालतेसच."

शर्यतीच्या दोन दिवस आधी खेळाडूंच्या हॉस्टेलवर आमचं छोटं क्लिनिक होतं. तिथे एक भारतीय मुलगी पाय दाखवायला आली. एकवीस-बावीस वर्षांची, काटक, सावळी, केसांची घट्ट वेणी. तिनं मोजा काढला आणि मी बघतच राहिले. अंगठ्याचं नख काळंनिळं, टाचेला फोड फुटून कातडं लोंबत होतं.

"या अल्लाह, काय करून घेतलंस गं हे!" माझ्या तोंडून गेलं.

ती स्टुलावरून उठायलाच लागली. "ताई, तुम्ही मराठी?"

"दापोलीची. बस खाली, पाय हलवू नकोस."

ती सांगली जिल्ह्यातली होती, जत तालुक्यातली. भारताबाहेर पहिल्यांदाच आली होती. मी ड्रेसिंग करत होते तेवढ्या वेळात तिनं मला तिचा खेळ समजावला. एक तरी पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. पुढे टाकलेल्या पायाचा गुडघा सरळ हवा, अंग त्याच्यावरून पुढे जाईपर्यंत वाकता कामा नये. रस्त्याच्या कडेला पंच उभे असतात. चूक होतेय असं वाटलं तर ते पिवळी पाटी दाखवतात, आणि चूक झालीच तर लाल कार्ड लिहून पाठवतात. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं आली की खेळ संपला, बाहेर व्हायचं.

"मागच्या खेपेला मला तिसरं लाल कार्ड शेवटच्या फेरीत आलं, ताई. सातशे मीटर राहिले होते. मी रस्त्यातच बसले." मग म्हणाली, "मला उन्हाची भीती नाही. दमायची भीती नाही. कुणी येऊन 'थांब' म्हणायची भीती वाटते. झोपेतसुद्धा तेच दिसतं. तुम्ही तिथे असणार ना? काही झालं तरी मला थांबवायचं नाही बघा."

मी चिकटपट्टी कापत होते. "बरं बाई, नाही थांबवत," असं म्हणाले. लहान मुलाला इंजेक्शन देताना म्हणतो तसं.

शर्यत सकाळी सहाला सुटायची होती. आम्ही पाचलाच तंबूत पोचलो आणि बघतो तर धुकं. अल ऐनला उन्हाळ्याच्या तोंडाशी कधीकधी असं धुकं पडतं की समोरचा राउंडअबाउट दिसत नाही. पंचांनी सांगितलं, आम्हाला पायच दिसत नाहीत तर निवाडा कशाचा करायचा? शर्यत पुढे ढकलली. अर्धा तास, मग आणखी अर्धा तास, मग पुन्हा पाऊण तास. मुली अंग गरम ठेवायला रस्त्याच्या एका तुकड्यावर ये-जा करत राहिल्या. सुटायला पावणेआठ झाले. तोवर धुकं विरलं होतं, पण त्याची सगळी ओल हवेत तशीच होती आणि वरून ऊन. माझा युनिफॉर्म नुसतं उभं राहून पाठीला चिकटला.

दोन किलोमीटरची फेरी, अशा दहा फेऱ्या. आमचा तंबू पाण्याच्या टेबलाच्या जरा पुढे होता, म्हणजे प्रत्येक मुलगी दर दहा-अकरा मिनिटांनी आमच्या समोरून एकदा जायची. तंबूत माझ्याबरोबर एक सुदानी डॉक्टर होते. साठीला आलेले, उंच, शांत, हॉस्पिटलात सगळ्यांना हवेहवेसे वाटणारे. नियम त्यांनी मला दोनदा सांगितला होता. खेळाडूला कुणीही हात लावायचा नाही. लावला तर ती मदत धरतात आणि मुलगी बाद होते. तपासायचा आणि थांबवायचा अधिकार फक्त डॉक्टरांचा. "सिस्टर, तुम्ही फक्त बघायचं. काही वाटलं तर मला सांगायचं."

पहिल्या चार फेऱ्या मी मजेत बघितल्या. कमरेत डुलत, कोपर मागे मारत जाणाऱ्या त्या मुली पहिल्यांदा विचित्र वाटल्या, मग छान वाटायला लागल्या. आमची जतची मुलगी सातवी होती, मग सहावी. पाचव्या फेरीत मी हसले, तशी तीही किंचित हसली. सहाव्या फेरीत ती चौथी होती. तिचे कोच, पन्नाशीचे गृहस्थ, रस्त्याच्या कडेनं ओरडत होते, "शाबास! तिसरी सामने है! लाल एक भी नहीं!" लाल कार्डांच्या खुणा लावायच्या बोर्डावर तिच्या नंबरासमोर खरंच काही नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या.

सहावी फेरी संपवून ती पुढे गेली तेव्हा तिनं टेबलावरचा ओला स्पंज उचलला नाही. माझ्या मनात आलं, घाई असेल.

सातवी फेरी संपवून ती आली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. बाकीच्या मुली घामानं निथळत होत्या. तिचे दंड कोरडे होते. मानेवर, कपाळावर मिठाची पांढरी रेघ, आणि चेहऱ्याचा रंग विटेसारखा. पण पाय! पाय अगदी घड्याळासारखे चालले होते. गुडघा सरळ, पाऊल बरोबर. एकाही पंचाची पाटी वर गेली नाही.

डॉक्टर पुढे झाले, मोठ्यानं विचारलं, "ओके?"

तिनं अंगठा वर केला.

त्याच वेळी मी कडेनं दोन पावलं पुढे गेले आणि मराठीत विचारलं, "कशी आहेस गं? कितवी फेरी?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आक्का, दार उघड की. कवाधरनं वाजवतीया."

आणि निघून गेली.

मी डॉक्टरांकडे धावले. "डॉक्टर, तिला थांबवायला हवं. ती भ्रमात आहे. ती बहिणीशी बोलतेय, दार उघड म्हणतेय."

"मला तर ती ओके म्हणाली."

"अंगठा दाखवला फक्त. शब्द वेगळे होते."

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "सिस्टर, हे लोक स्वतःशी बोलतात. कुणी दुआ म्हणतं, कुणी आकडे मोजतं. दमलेल्या माणसाचं बोलणं असं काय धरून बसायचं? पाय बघितलेत ना तुम्ही? भ्रमातला माणूस असा चालतो?"

त्यांनी माझ्या समाधानासाठी रेडिओवरून दुसऱ्या टोकाच्या अँब्युलन्सला विचारलं. तिकडून आवाज आला, "शी इज वॉकिंग ब्युटीफुली, डॉक्टर. नो प्रॉब्लेम."

डॉक्टर म्हणाले, "पुढच्या फेरीला मी स्वतः बघतो. इन्शाल्ला काही नाही."

ती दहा-अकरा मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. रस्ता समोर पांढरा पडला होता. इतर मुली येत होत्या, जात होत्या, मला कुणी दिसत नव्हतं. मला एक माणूस दिसत होता.

मी अल ऐनला आले त्याच पहिल्या उन्हाळ्यात, नव्वदच्या दशकातली गोष्ट, बांधकामावरून एका गवंड्याला आणलं होतं. तेलुगू होता. तो सारखा बोलत होता, अगदी नीट, हळू आवाजात. बोलतोय म्हणजे शुद्धीत आहे असं आम्ही सगळ्यांनी धरलं. त्याच्याआधी दोन अपघाताच्या केसेस होत्या, तो मागे पडला. मी त्याचा हात धरून "ठीक है, ठीक है" म्हणत होते आणि तो मान हलवत होता. तासाभरानं त्याच्याच मुलखातला एक सफाईवाला तिथून जाताना थांबला. मी विचारलं, काय म्हणतोय रे हा? तो म्हणाला, "सिस्टर, बकऱ्या रस्त्यातून बाजूला घ्या म्हणतोय." मग आमची पळापळ झाली. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजाच्या सुमारास तो गेला. कुणी मला दोष दिला नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने मी पेशंटचा हात धरायला घाबरत होते.

आता मात्र मला शब्द कळले होते. त्या अख्ख्या रस्त्यावर ते मला एकटीलाच कळले होते. आणि तरी मला खात्री नव्हती. समजा, खेळाडू खरंच असं बोलत असतील? समजा, ती बहिणीची आठवण काढून बळ आणत असेल? ती चौथी होती, तिसरी तिच्या टप्प्यात होती. मी हात लावला आणि तिला काहीच झालेलं नसलं तर? मेट्रनला काय सांगू? माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यूला होतं, आणि माझ्या व्हिसावर लेकीची शाळा होती, कारण नवऱ्याचं सनाइयातलं, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतलं गॅरेज तेव्हा नुकतंच बंद झालं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात त्या वेळी आलं. आलं नाही असं म्हणणार नाही. मुलीच्या जिवाबरोबर व्हिसाचाही विचार आला.

ती दिसली. तिसऱ्या नंबरच्या मुलीच्या अगदी मागे. लांबून तर ती सगळ्यांत ताजी वाटत होती. कोच कडेकडेनं पळत येत होते, "दो बाकी! सिर्फ दो!"

डॉक्टर रस्त्याच्या कडेला गेले. "हाऊ आर यू? ओके?"

अंगठा वर.

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून मान हलवली. म्हणजे, बघा, ठीक आहे.

मी तिच्या बाजूनं पळायला लागले. "अगं, इकडे बघ. मी दापोलीची ताई. तुझं गाव कुठलं?"

तिचे डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर नव्हतेच, कुठे होते कुणास ठाऊक. ओठ फुटले होते. बारीक पोरीच्या आवाजात ती म्हणाली, "भिजतीया मी, आक्का. लई पाऊस लागलाय. उघड की गं."

मी दोन्ही हातांनी तिला धरलं.

तिचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. ती किंचाळली आणि तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, रक्ताची चव आली. मी सोडलं नाही. आम्ही दोघी रस्त्यावर पडलो, आणि पडल्यावरही तिचे पाय चालतच होते. गुडघा सरळ, टाच, पंजा. गुडघा सरळ, टाच, पंजा. तेवढं घाबरवणारं मी हॉस्पिटलातही काही बघितलं नव्हतं. कोच माझ्या डोक्यावर ओरडत होते, "क्या किया आपने? पागल हो क्या? छोडो उसको!" एक पंच धावत आला. मी वर बघून फक्त "डॉक्टर! डॉक्टर!" एवढंच ओरडत होते.

डॉक्टरांनी तिच्या मानेला हात लावला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. "खलास, पुरे, ओरडू नका कुणी," ते कोचला म्हणाले. "यल्ला, आत घ्या हिला. बर्फ!"

तंबूत थर्मामीटर लावला. एकेचाळीस पॉइंट सहा, म्हणजे आपल्याकडचे जवळजवळ एकशेसात. आम्ही तिच्यावर बर्फाचं पाणी ओतलं, ओल्या चादरी गुंडाळल्या, पंखा लावला. मी तिच्या काखेत बर्फाच्या पिशव्या धरल्या होत्या, तेवढ्यात तिला झटका आला. सगळं अंग ताठ, डोळे वर. कोच तंबूच्या दारात उभे होते. ते खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. मला त्यांचा राग आला नाही. मी मनातल्या मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होते आणि मध्येच विसरत होते, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते.

अँब्युलन्समध्ये ती बोलायची थांबली. मला वाटलं, गेली.

दुपारी आयसीयूबाहेर मला एक फॉर्म दिला गेला. घडलेलं लिहून द्या. मी सगळं लिहिलं आणि 'कुणाच्या सूचनेवरून थांबवलं' ही ओळ कोरी ठेवली. डॉक्टर आले, शेजारच्या खुर्चीत बसले, माझ्या सुजलेल्या ओठाकडे बघितलं. म्हणाले, "माझं नाव लिहा. मी सांगितलं म्हणून तुम्ही धरलंत."

"डॉक्टर, तुम्ही तर..."

"मी सांगायला हवं होतं. मी तिचे पाय बघत बसलो. लिहा, सिस्टर."

मी लिहिलं आणि सही केली. खोटं होतं. नोकरी जायच्या भीतीनं मी ते लिहिलं, आणि ते मागे घ्यायची हिंमत नंतरही झाली नाही.

घरी आल्यावर लेकीनं माझा ओठ बघितला. "अम्मी, डिड शी विन?"

"नाही."

"बट यू सेड शी वॉज फास्ट."

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. तिला काही कळेना.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शुद्धीवर आली. मूत्रपिंडांना मार बसला होता, पण लघवी सुरू झाली होती, म्हणजे वाचली होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेले. कोचनी तिला सांगितलं होतं की तुला एका नर्सनं धरून पाडलं. मला बघून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुम्ही म्हणाला होता, थांबवणार नाही."

"हो. म्हणाले होते."

"कार्ड नव्हतं ताई एकसुद्धा. बोर्ड कोरा होता. सर म्हणाले, तिसरी हाताशी होती."

मी खुर्ची ओढून बसले. "तुला काय आठवतं?"

"पाच फेऱ्या. तुम्ही हसला होता."

"त्यानंतर तू माझ्याशी बोललीस. आक्का, दार उघड म्हणालीस. पाऊस लागलाय म्हणालीस."

ती सावकाश माझ्याकडे वळली.

"कोण गं आक्का? मोठी बहीण?" मी विचारलं.

"मला मोठी बहीण नाही." तिचा आवाज बसला होता. "थोरली मीच. धाकटी दोघं मला आक्का म्हणतात."

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"मग ताई, मी कुणाला हाक मारत होते?"

मला काय ठाऊक? ती घाबरली होती, आणि तिचं बघून मीही. तिनं माझा हात धरला. तिला क्षमा वगैरे करायची नव्हती, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या खोलीत तिला दुसरं कुणी धरायला नव्हतं, एवढंच. ती म्हणाली, "एकदा शाळेतनं धाकटी भिजत आली होती. मी मागच्या खोलीत होते, ऐकू आलं नव्हतं मला. पण ते तिचं, माझं नाही. मला तिचं बोलणं कसं काय येईल?" मग म्हणाली, "घरी सांगू नका हे कुणाला." मी म्हटलं, सांगणार नाही.

चौथ्या दिवशी तिला चालवायचं होतं. डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं, कॉरिडॉरमध्ये वीस पावलं. मी तिला उभं केलं. ती पलंगाची कड सोडेना.

"पाय टाकायची भीती वाटतेय," ती म्हणाली. "टाकला आणि पुन्हा थांबलाच नाही तर?"

"मी आहे ना. थांबवेन."

हे बोलून गेले आणि जीभ चावली. पण ती रागावली नाही, खुदकन हसली, आणि लगेच डोळे भरून आले. मग आम्ही निघालो. गुडघे वाकवून, पाय ओढत, ती साधं म्हाताऱ्या बाईसारखं चालली. शेजारच्या खोलीतल्या एका अरबी आजीबाई दार उघडं ठेवून बसायच्या. त्यांनी तिला बघून "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत बोलावलं, खजुराची ताटली पुढे केली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. मुलगी तिथे दहा मिनिटं बसली. परत जाताना तिनं माझा हात धरला नाही, भिंतीला धरून गेली.

दहाव्या दिवशी ती गेली. संघ आधीच परतला होता, कोच मात्र थांबले होते. जाताना ते माझ्यापाशी आले, हात जोडले आणि निघून गेले. मुलगी व्हीलचेअरवर होती. माझ्याकडे तिनं पत्ता मागितला, मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिला.

माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. पुढच्या वर्षी पुन्हा कुठल्याशा शर्यतीसाठी नावं मागितली तेव्हा मी मेट्रनला नको म्हणाले. उन्हाळ्यात इमर्जन्सीत बाहेरून स्ट्रेचर आलं की मी अजून आधी विचारते, हा कुठला, याची भाषा कुणाला येते. नव्या नर्सेस मला हसायच्या.

आठ-नऊ महिन्यांनी तिचं पत्र आलं. वहीचा फाडलेला कागद, अक्षर मोठं आणि तिरकं. तिनं लिहिलं होतं की ती पुन्हा चालते आहे, पण थंडीतल्याच शर्यती करते. राज्य पातळीवर दुसरी आली, दोन लाल कार्डं पडली. चालताना दर फेरीला ती मनात स्वतःचं नाव आणि गावाचं नाव म्हणून बघते. म्हणता आलं तर पुढे जाते. एकदा गावाचं नाव पटकन आठवलं नाही, तर ती आपण होऊन रस्त्याच्या बाहेर आली. नंतर कळलं की तिला काहीही झालेलं नव्हतं. "तेव्हा तुमची फार चीड आली," असं लिहिलं होतं. शेवटी होतं, "मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. आई म्हणते, असं लिहू नको. पण खरं ते लिहिलं. तुमचा ओठ बरा झाला का?"

मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "उत्तर लिही."

मी लिहिलं की ओठ बरा झाला, टाका पडला नाही. राग असू दे. आणि त्या शर्यतीत तू आपण होऊन बाहेर आलीस ते बरं केलंस.